सवय क्रमांक एक

काचघरातल्या नेच्यांच्या दालनात, मधल्या वाटेच्या कडेला, एका लोखंडी टेबलावर जुना कीबोर्ड होता. त्याला पारदर्शक प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं आणि त्या आवरणावर मातीचे इतके थर बसले होते की ‘क’ कुठला आणि ‘ख’ कुठला हे फक्त आत्याच सांगू शकायची. आत्या म्हणजे या काचघराची मुख्य माळीण. बाकीच्या सगळ्यांच्या त्या ‘बाई’. आत्या ती एकाच माणसाची होती, आणि तो माणूस म्हणजे काचघराचा प्रोग्रामर.

प्रोग्रामर छत्तीस वर्षांचा होता. कपाळ दरवर्षी थोडंथोडं मागे सरकत चाललं होतं, चष्म्याचा नंबर वाढत होता, पण आत्या त्याला चारचौघांत ‘गुंड्या’ म्हणायची ती म्हणायचीच. ‘कामाच्या ठिकाणी तरी नको गं,’ असं त्याने एकदा विनवलं होतं. तेव्हापासून ती कामाच्या ठिकाणी जरा मोठ्याने म्हणायला लागली.

या आत्यासाठीच त्याने चार वर्षांपूर्वी शेल लिहायला घेतला होता. शेल म्हणजे काय, हे त्याने आपल्या आईला सात वेळा समजावलं होतं आणि सातही वेळा आई ‘हो का, छान’ म्हणून भाजी निवडायला लागली होती, तेव्हा इथे थोडक्यातच सांगितलेलं बरं. काळा पडदा असतो, त्यावर एक लुकलुकणारी रेघ असते. तिथे ‘पाणी नेचे १०’ असं लिहून एंटर दाबलं की नेच्यांना दहा मिनिटं पाणी. ‘खिडक्या ऑर्किड अर्ध्या’ लिहिलं की ऑर्किडच्या दालनातल्या छताच्या खिडक्या करकरत अर्ध्या उघडणार. चित्र नाही, रंग नाही, बटण नाही. तुम्ही सांगायचं, त्याने करायचं, आणि करून झालं की गप्प बसायचं. असा एखादा माणूस घरात असता तर काय हवं होतं, असं आत्याचं मत होतं.

पहिल्या वर्षी शेलला चार आज्ञा येत होत्या. त्यापुढची सगळी वाढ भांडणांतून झाली. एकदा आत्याने काहीतरी चुकीचं लिहिलं, तर शेल म्हणाला, ‘आज्ञा ओळखता आली नाही.’

“ओळखता आली नाही म्हणजे?” आत्या कडाडली. “रोज सकाळी सातला भेटतो की आम्ही!”

प्रोग्रामरने तो मजकूर बदलून ‘हे कळलं नाही, पुन्हा सांगता का?’ असा केला, तेव्हा कुठे ती शांत झाली. मग तिला काम झाल्यावर ‘बरं’ असं लिहायची सवय लागली. कोणी काम केलं की बरं म्हणावं, एवढी रीत तिला होती. शेलला मात्र ‘बरं’ कळत नव्हतं, तो दरवेळी ‘पुन्हा सांगता का?’ विचारायचा, आणि ती पुन्हा ‘बरं’ लिहायची. एके दिवशी ही मैफल पाऊण तास चालली. शेवटी प्रोग्रामरने ‘बरं’ नावाची आज्ञाच लिहून टाकली. ती काहीही करत नाही. एंटर दाबलं की शेल निमूटपणे पुढच्या ओळीवर जातो. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं आणि सर्वांत जास्त वापरलं गेलेलं काम होतं.

पुढे इतरांनाही चव लागली. निवडुंगाच्या दालनातला माळी येऊन म्हणाला, “सगळ्यांना आज्ञा आहेत, मलाच का नाही?” निवडुंगाला तर आठवडेच्या आठवडे काही लागत नाही. तरी त्याला ‘काही नको’ अशी आज्ञा करून दिली. रोज सकाळी तो टेबलाशी यायचा, ती लिहायचा, एंटर दाबायचा आणि काम उरकल्याच्या समाधानाने चहा प्यायला जायचा. अशा मागण्या इतक्या वाढल्या की प्रोग्रामरने शेलला कप्पेच पाडले. नवी आज्ञा हवी असली की नवा कप्पा जोडायचा, आतल्या मूळ कामाला धक्का लावायचा नाही. या कप्प्यांचा त्याला फार अभिमान होता. ते कुणालाच दिसत नव्हते, म्हणून त्याबद्दल त्याला वारंवार बोलावं लागायचं.

आणि मग एका सोमवारी फळ्यावर कागद लागला: काचघराच्या कारभारासाठी टचस्क्रीन पॅनेल घेण्याचा विचार आहे, गुरुवारी अकरा वाजता, नेच्यांच्या दालनात, पॅनेल आणि सध्याची व्यवस्था या दोन्हींचं प्रात्यक्षिक होईल, साहेब निर्णय जागेवरच देतील. साहेब म्हणजे संचालक. पॅनेल विकणारे गृहस्थ साहेबांच्या बायकोचे सख्खे धाकटे भाऊ होते, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

प्रोग्रामरने तो कागद तीनदा वाचला. पॅनेल आलं की शेल जाणार आणि त्याची रवानगी पाट्यांच्या विभागात होणार. तिथे रोपांच्या नावांच्या पाट्या छापायच्या, छिद्रं पाडायची आणि तारेला अडकवायच्या. चार वर्षांची मेहनत एका दुपारात पुसली जाणार होती.

“काचेला बोटं लावत बसायचं असेल तर मी त्याच दिवशी घरी जाईन,” आत्या हातमोजे झटकत म्हणाली. “या मोज्यांनी काच चालते का? आणि मोजे काढायचे तर दिवसातनं दोनशे वेळा काढू?”

“तू काही बोलू नकोस गं त्या दिवशी,” प्रोग्रामर म्हणाला. “मी काहीतरी असं दाखवतो की साहेबांचे डोळे विस्फारले पाहिजेत.”

पुढे नेमकं तेच झालं, एवढं आधीच सांगून ठेवायला हरकत नाही.

त्याने शेलला एक नवा कप्पा जोडला, त्याचं नाव ‘सवय’. कल्पना खरोखरच चांगली होती. काचघरातली सगळी दारं कार्डाने उघडत आणि कोणतं कार्ड कुठल्या दालनात शिरलं, कधी बाहेर पडलं, याची नोंद शेलकडे येई. शेलने या नोंदी आणि मागच्या सगळ्या आज्ञा ताडून बघायच्या. अमुक घडलं की माणूस नेहमी तमुक आज्ञा देतो, असं वीस वेळा दिसलं की शेलने ती सवय म्हणून धरायची. पुन्हा तसं घडलं की पडद्यावर करड्या अक्षरांत सूचना द्यायची, दहा सेकंद थांबायचं, कोणी कळ दाबून अडवलं नाही तर स्वतःहून काम करून टाकायचं, आणि का केलं तेही प्रामाणिकपणे लिहायचं. सकाळी आत्या आली की नेच्यांना पाणी आपोआप सुरू! पॅनेलला हे सात जन्मांत जमणार नव्हतं.

शिकवायला जुनी माहिती लागते. बुधवारी त्याने शेलला दोन वर्षांच्या आज्ञांची सगळी नोंद खाऊ घातली. स्वतः मात्र ती वाचली नाही. दुसऱ्याने कीबोर्डवर काय लिहिलं ते वाचणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं, असं तो मानत असे आणि या बाबतीत तो तत्त्वाला फार पक्का होता. शेलने नोंद पचवली आणि सांगितलं, ‘अकरा सवयी सापडल्या.’ प्रोग्रामरने खुशीत येऊन चहा सांगितला. त्या अकरा कोणत्या, एवढं नुसतं डोकावून बघितलं असतं तर पुढचा सगळा प्रकार टळला असता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

गुरुवारी अकरा वाजता दालनात पंधराएक माणसं जमली. सगळे एकदमच, उघड्या धरलेल्या दारातून आत आले. साहेब मधोमध. साहेब मनाने वाईट नव्हते, पण त्यांना दोन खोडी होत्या. नेच्यांविषयी त्यांची काही मतं होती आणि ती सांगायला त्यांना तासभर लागायचा. आणि बोलता बोलता जवळच्या नेच्याचा कोवळा शेंडा खुडून ते बोटांत चुरगाळत बसायचे. एका फेरीत सात-आठ शेंडे सहज जायचे. आत्या ते बघायची आणि तिच्या जबड्याचा स्नायू हलायचा.

मेहुण्यांनी चकचकीत बूट घातले होते. त्यांनी टेबलावर पॅनेल उभं केलं, तारा जोडल्या आणि बरोबर फोटोवाला आणला होता त्याला म्हणाले, “ही समोरची कुंडी मध्ये येतेय.” मग आत्याकडे वळून, “बाई, जरा उचलता का?”

ती कुंडी म्हणजे आत्याने नऊ वर्षं वाढवलेला नेचा होता. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कुंडी दोन्ही हातांनी कवेत घेऊन वाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

पॅनेल सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. पाण्याच्या थेंबाचं निळं चित्र, पंख्याचं हिरवं, बंद करायला लाल गोल. मेहुण्यांनी थेंबाला बोट लावलं, पाणी आलं. पंख्याला लावलं, वारा आला. “लहान मूलसुद्धा चालवेल, दाजी!” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान डोलावली आणि एक शेंडा खुडला.

मग प्रोग्रामर पुढे झाला. काळ्या पडद्यावरची लुकलुकणारी रेघ बघून फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. प्रोग्रामरने ‘खिडक्या नेचे उघड’ लिहिलं, खिडक्या उघडल्या. तो कप्प्यांविषयी बोलायला लागला. एकाने जांभई दिली, ती बघून तिघांनी दिली. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

“हो गं,” साहेब दाराकडे जात हळू आवाजात म्हणाले. “बघतोय. चांगलंच आहे. तुझा भाऊ आहे म्हणजे चांगलंच असणार. हो. हो म्हटलं ना.” आणि बोलत बोलत ते बाहेर गेले. त्यांच्यामागे दार बंद झालं.

प्रोग्रामरने संधी साधली. ‘सवय’ची कल्पना समजावायला त्याने पडद्याकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड. “या शेलला आता आपल्या माणसांची ओळख झाली आहे,” तो छाती पुढे काढून म्हणाला. “आपण काय करणार ते त्याला आधीच कळतं!”

दार ‘पीं’ करून उघडलं. साहेब स्वतःचं कार्ड लावून आत आले.

प्रोग्रामरच्या पाठीमागे पडद्यावर करडी अक्षरं उमटली. लोकांना एवढ्या लांबून ती वाचता येईनात. आत्याला ती न वाचताच कळली. ती डोळे वटारून त्याच्याकडे बघायला लागली. त्याला वाटलं, शर्ट बाहेर आलाय. त्याने शर्ट खोचला. तिने भुवया उडवल्या. त्याने केसांवरून हात फिरवला. तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली, तर तो उलट खुशीत हसला: बघ, आत्यालासुद्धा आवडलंय. ओरडून सांगावं तर सगळं उघड झालं असतं, आणि हातातला नेचा टाकून धावणं तिच्या रक्तात नव्हतं. दहा सेकंद ती किती असणार!

आधी छताच्या खिडक्या खाडकन बंद झाल्या. मग वाटेच्या दोन्ही बाजूंचे फवारे एकदम सुरू झाले.

दालनात पळापळ झाली. फोटोवाला कॅमेरा पोटाशी धरून खाली बसला. प्रोग्रामरच्या चष्म्यावर असं धुकं चढलं की त्याला समोरचा माणूस आणि ताडाचं झाड यांतला फरक कळेना. मेहुणे “काही काळजी नको, दाजी!” असं ओरडत पॅनेलकडे झेपावले आणि लाल गोलावर बोट दाबलं. पण काच ओली होती. मेहुण्यांचं बोट आणि पाण्याचा थेंब यांत पॅनेल काही भेद करेना. पडेल त्या थेंबाला ते बोट समजायला लागलं. पंखे पूर्ण वेगाने फिरले. उन्हाचे पडदे सरसर ओढले जाऊन अंधारून आलं. कुठल्या तरी थेंबाने गर्दी बाहेर काढायची घंटा वाजवली. मेहुणे बाहीने काच पुसत होते आणि बाही मुळात भिजलेली होती.

आत्याने आधी कुंडी नीट कोरड्या कट्ट्यावर ठेवली, तिची बाजू उजेडाकडे वळवली, आणि मग ती टेबलाशी आली. मेहुण्यांना तिने खांद्याने बाजूला केलं. चिखलाने माखलेल्या मोज्यांनी, पडद्याकडे न बघता, तिने ‘थांब सगळं’ लिहिलं आणि एंटर दाबलं.

सगळं थांबलं. फवारे, पंखे, घंटा, सगळं. पानांवरून पाणी टपटपण्याचा तेवढा आवाज राहिला. आत्याने ‘बरं’ लिहिलं, एंटर दाबलं आणि ती बाजूला झाली.

“हा त्या काळ्या डब्याचाच घोटाळा आहे, दाजी!” मेहुण्यांनी बोट दाखवलं.

प्रोग्रामरच्या मनात आलं, पॅनेलवर ढकलून द्यावं. घंटा त्यानेच वाजवली होती, पडदे त्यानेच ओढले होते, कोण विचारतंय! एका वाक्यात शेल वाचणार होता. त्याने तोंड उघडलं. तोवर साहेब रुमालाने चष्मा पुसून पडद्यावर वाकले होते. का केलं ते शेल प्रामाणिकपणे लिहितो, ही सोय प्रोग्रामरने स्वतःच्या हाताने केलेली होती.

“सवय क्रमांक एक,” साहेब मोठ्याने वाचू लागले. “कार्ड क्रमांक एक नेच्यांच्या दालनात आलं, की खिडक्या बंद, मधल्या वाटेचे फवारे सुरू. आजवर त्रेसष्ट वेळा. कार्ड क्रमांक एक सरासरी चार मिनिटांत बाहेर जातं.” ते थांबले. “कार्ड क्रमांक एक कोणाचं आहे?”

निवडुंगाचा माळी छताकडे बघायला लागला.

“माझं आहे,” साहेबांनी स्वतःच उत्तर दिलं. “म्हणजे मी आलो की दरवेळी दमट व्हायचं ते...”

“तुम्ही शेंडे खुडता, साहेब,” आत्या म्हणाली. “एक पान उलगडायला तीन आठवडे लागतात. तुम्ही बोलता बोलता सात घालवता. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पाणी सोडत होते. यात गुंड्याचा काही दोष नाही. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.”

साहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटांत एक चुरगळलेला शेंडा होता. पंधरा माणसं तो शेंडा बघत होती.

“चला सगळे, कपडे बदला,” साहेब एवढंच म्हणाले. लोक मुकाट्याने निघाले. मेहुणे पॅनेल बगलेत मारून, बूट पचपच वाजवत, “दाजी, उद्या अकराला केबिनमध्ये येतो, नवीन मॉडेल घेऊन, रोजच्यासारखा!” असं सांगत गेले. प्रोग्रामर आत्याच्या मागोमाग सटकणार, तोच साहेब म्हणाले, “तू थांब.”

प्रोग्रामरला पाट्या दिसायला लागल्या, छिद्रं दिसायला लागली, तार दिसायला लागली. आत्याही गेली नाही. दाराशी, उगाचच एका कुंडीतली माती सारखी करत राहिली.

“ते पॅनेल नको,” साहेब म्हणाले. “ओल्या काचेवर ते चालत नाही, आणि इथे कोरडी काच मिळायची नाही. एवढं मी घरी सांगू शकतो. तुझं हे राहू दे.”

प्रोग्रामरला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. चष्म्यावर आधीच पाणी होतं म्हणून निभावलं. “साहेब, ती सवय मी आजच काढून टाकतो. क्रमांक एक.”

“काढू नकोस,” साहेब म्हणाले. त्यांनी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि आवाज अगदी खाली आणला. “ती माझ्या केबिनला बसवता येईल का?”

“येईल की, साहेब,” प्रोग्रामर गोंधळून म्हणाला. “पण कोण आलं की सुरू करायची, त्याचं कार्ड लागेल.”

“मेहुण्यांना आजच कार्ड देतो,” साहेब म्हणाले. “छताला एक फवारा बसवून घे. उद्या अकराच्या आत. कागद मी कपाटात ठेवीन.”

त्यांनी तो चुरगळलेला शेंडा आत्याच्या नेच्याच्या कुंडीत हळूच ठेवला, जणू तो परत चिकटणार होता. मग टेबलाशी वाकून, एका बोटाने अक्षरं शोधत शोधत, त्यांनी ‘बरं’ लिहिलं आणि एंटर दाबलं. शेल निमूटपणे पुढच्या ओळीवर गेला.